एलिव्हेशनवर मापं टाकायची आहेत: ऑटोकॅड, स्केचअप, रेव्हिट की आणखी काही?

घराचा प्लॅन मापांसह मिळतो, पण एलिव्हेशन (घराचं समोरून किंवा बाजूने दिसणारं उभं रूप) म्हणून हातात पडतं ते बहुतेकदा रंगीत चित्र. चित्र छान असतं. मात्र सज्जा किती उंचीवर धरायचा हे सेंटरिंगवाल्याला त्यातून कळत नाही आणि ग्रिल किती उंच करायची हे फॅब्रिकेटरलाही कळत नाही. म्हणून सॉफ्टवेअर निवडताना थ्रीडी किती देखणं दिसतं यापेक्षा उभी मापं किती खात्रीने टाकता येतात, हे आधी पाहावं. नव्याने काम सुरू करणारे इंजिनिअर, ड्राफ्ट्समन आणि स्वतःच्या घराचं ड्रॉइंग स्वतः समजून घेणारे मालक, या सगळ्यांना माझं हेच सांगणं आहे.

मुळात एलिव्हेशनवर काय लागतं? आडवी मापं फारशी लागत नाहीत. ती प्लॅनवर असतात, आणि तेच माप दोन कागदांवर लिहिलं की बदल करताना एक जुनं राहून जातं. इथे हवी उभी साखळी: जमिनीपासून जोतं, जोत्यापासून खिडकीची सिल (खालची कड), सिलपासून लिंटेल (दार-खिडकीवरची आडवी तुळई), लिंटेलपासून स्लॅब, त्यावर पॅरापेट (गच्चीचा कठडा). सोबत एका ठरलेल्या ±०.०० या शून्य पातळीपासून मोजलेल्या लेव्हल, म्हणजे उंच्या.

सिल ९०० मिमी आणि लिंटेल २१०० मिमी हे आकडे आपल्याकडच्या घरांत नेहमीचे. पण ते मोजायचे कुठून, स्लॅबच्या माथ्यापासून की तयार फरशीपासून? मधल्या बेडिंगला (फरशीखालच्या मसाल्याच्या थराला) आणि फरशीला मिळून सहज ५० ते ७५ मिमी जातात. स्लॅबपासून २१०० वर ओतलेला लिंटेल फरशी झाल्यावर २०२५ वर उरतो, आणि २१०० ची चौकट तिथे बसत नाही. मग लिंटेल खालून छिन्नीने तासणं किंवा दार कापणं, एवढंच हातात राहतं. एलिव्हेशनवर स्लॅबची आणि तयार फरशीची अशा दोन्ही लेव्हल वेगळ्या दिसल्या पाहिजेत. कुठल्याही सॉफ्टवेअरची पहिली परीक्षा मी इथे घेतो.

ऑटोकॅडमध्ये एलिव्हेशन हे प्लॅनपासून सुटं ड्रॉइंग असतं. प्लॅनवरून रेषा खाली ओढायच्या, उंचीच्या रेषा मारायच्या आणि मापं टाकायची. लिनिअर डायमेन्शनने पहिलं माप घेतलं की कंटिन्यू कमांडने साखळी झपाझप पूर्ण होते. वेगात ते या कामात कुणालाही हार जाणार नाही. डिमअसोक ही सेटिंग २ वर असेल तर रेषा सरकली की तिला जोडलेलं मापही बदलतं. पण प्लॅनमध्ये खिडकी हलवली तर एलिव्हेशनला त्याची गंधवार्ता नसते. ती माणसानेच हलवायची.

दुसरा धोका जास्त गंभीर आहे. ऑटोकॅड मापाचा आकडा हाताने बदलू देतं. रेषा २९०० ची आणि आकडा ३००० चा, असं ड्रॉइंग तयार होतं आणि छापल्यावर कुणालाही ओळखू येत नाही. घाईत 'आकडा तेवढा बदल' म्हणण्याची सवय फार पसरली आहे, ती मला खरोखर टोचते. लेव्हलचंही तसंच. त्रिकोणाचा ब्लॉक ठेवून शेजारी आकडा टाइप केला जातो. त्याऐवजी यूसीएसचा (ड्रॉइंगच्या अक्षांचा) आरंभबिंदू ±०.०० वर ठेवून ऑर्डिनेट डायमेन्शन वापरलं, तर प्रत्येक लेव्हलचा आकडा रेषेच्या खऱ्या उंचीवरून येतो. ही सोय ऑटोकॅड एलटी या स्वस्त, मर्यादित आवृत्तीतही आहे, तरी वापरणारे थोडे.

रेव्हिटचं तत्त्व याच्या उलट. त्यात एलिव्हेशन वेगळं काढावं लागत नाही, ते मॉडेलमधूनच दिसतं. प्रत्येक मजल्याची लेव्हल सगळ्या एलिव्हेशनवर आणि सेक्शनवर आपोआप येते. लेव्हल १५० मिमीने वर घेतली की तिला बांधलेल्या भिंती, स्लॅब, खिडक्या सगळं उचललं जातं आणि मापंही. खिडकीला सिलची आणि माथ्याची उंची हे तिचे गुणधर्म म्हणूनच असतात. स्पॉट एलिव्हेशनने सज्जाच्या खालच्या कडेवर टिचकी मारली की तिथली लेव्हल मिळते. तयार फरशीसाठी वेगळी लेव्हल किंवा फरशीचा थर दाखवला की वरचा २०२५ चा घोळ कागदावरच उघडा पडतो. सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे रेव्हिट मापाच्या जागी दुसरा आकडा टाइप करू देत नाही. शब्द लिहिता येतात, आकडा नाही. आकडा बदलायचा तर भिंत किंवा खिडकी हलवा. ही सक्ती सुरुवातीला जाचते, पण साइटवर जाणाऱ्या कागदासाठी मला तीच हवीशी वाटते.

रेव्हिटच्या अडचणीही खऱ्या आहेत. एका एलिव्हेशनवर टाकलेली मापं दुसऱ्यावर येत नाहीत, चारही बाजूंना ती पुन्हा टाकायची. शिकायला महिने लागतात, भाडं महाग, आणि ते फक्त विंडोजवर चालतं. वर्षाला दोन-चार बंगले करणाऱ्याने याचा हिशेब आधी मांडावा.

स्केचअप या दोघांच्या मधलं. घर उभं करायला सोपं, म्हणून तरुण डिझायनरांच्या हातात तेच दिसतं. मापं थेट मॉडेलवर टाकता येतात, पण मॉडेल फिरवलं की गर्दी होते. नीट कामासाठी समोरचा व्ह्यू घ्यावा, पर्स्पेक्टिव्ह (लांबचं लहान दाखवणारं दृश्य) बंद करून पॅरलल प्रोजेक्शन लावावं, त्याचा सीन (ठरवलेलं दृश्य) जपून ठेवावा आणि तो लेआउट या शीट बनवायच्या जोडप्रोग्राममध्ये १:५० किंवा १:१०० स्केलवर आणून तिथे मापं टाकावीत. पर्स्पेक्टिव्ह तसंच ठेवून लेआउटमध्ये टाकलेल्या मापांवर भरवसा ठेवू नये. आकड्याआधी '~' दिसलं तर रेषा अचूक नाही, जवळपासची आहे, हे समजावं. ते चिन्ह पुसण्याआधी मॉडेल दुरुस्त करावं. लेआउट हे स्केचअप प्रोसोबत येतं, ब्राउझरमधल्या फुकट आवृत्तीत नाही. नुसतं फुकटचं स्केचअप घेऊन एलिव्हेशन शीट करायला बसणाऱ्यांची निराशा इथेच होते.

फुकटातच काम करायचं असेल तर दोन नावं. स्वीट होम थ्रीडी घरमालकाला खोल्यांची मांडणी पाहायला उत्तम आहे. आवृत्ती ७.० पासून मापरेषा थ्रीडीतही दाखवता येतात, पण स्केलवरचं एलिव्हेशन शीट ते बनवत नाही. फ्रीकॅडच्या टेकड्रॉ या ड्रॉइंग शीटच्या भागात मॉडेलचं एलिव्हेशन काढून त्यावर मापं टाकता येतात आणि पैसा लागत नाही. चिकाटी मात्र बरीच लागते.

अमेरिकेत स्थायिक झालेले आणि तिथलं घर वाढवणारे मराठी लोक चीफ आर्किटेक्टबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी ते योग्यच आहे. त्यातलं स्टोरी पोल हे साधन मजल्यांच्या उंचीची उभी साखळी एका टिचकीत टाकतं. एलिव्हेशनमध्ये खिडकी निवडून मापाचा आकडा बदलला की खिडकी तिकडे सरकते, म्हणजे माप हेच हलवण्याचं साधन होतं. पण त्याची मूळ रचना लाकडी फ्रेम आणि फूट-इंच धरून केलेली आहे. आरसीसीच्या कॉलम-बीमच्या घराला ते ओढूनताणून बसवावं लागतं. त्याच कंपनीची होम डिझायनर ही स्वस्त मालिका घेताना मापाची कोणती साधनं त्या आवृत्तीत आहेत हे आधी तपासावं, कारण ती सगळीकडे सारखी नाहीत.

एककांचा प्रश्न आपल्याकडे वेगळाच आहे. परवानगीचं ड्रॉइंग मीटरमध्ये आणि मिस्त्रीचा टेप फुटात. ७ फूट म्हणजे २१३४ मिमी, २१०० नव्हे. तो सव्वा इंचाहून अधिकचा फरक लिंटेलवर दिसतो. ऑटोकॅडमध्ये एकाच मापावर पर्यायी एकक दाखवता येतं. साइटच्या प्रतीसाठी ही सोय जरूर वापरावी.

परवानगीचंच काम मुख्य असेल तर ऑटोकॅड सोडून चालणार नाही. पुण्यासारख्या महापालिकांतल्या ऑनलाइन तपासणीला ठरावीक लेयरांवर काढलेली डीडब्ल्यूजी (ऑटोकॅडची) फाइल लागते. रेव्हिट आणि लेआउट दोन्ही डीडब्ल्यूजी काढून देतात, पण लेयर पुन्हा लावत बसावं लागतं. एकट्या ड्राफ्ट्समनने ऑटोकॅड एलटी घ्यावं आणि ऑर्डिनेटची सवय लावावी. ग्राहकाला घर दाखवून, बदल करून, मग साइटला कागद देणाऱ्याने स्केचअप प्रो आणि लेआउट घ्यावं. तीन-चार जणांचं ऑफिस असेल आणि दर आठवड्याला खिडक्या हलत असतील, तर रेव्हिटचे पैसे वसूल होतात.

पैसे भरण्याआधी चाचणी आवृत्तीत एवढं करून पाहा: दोन मजले, एक खिडकी, एक सज्जा काढा. उभी साखळी आणि लेव्हल टाका. मग पहिल्या मजल्याचा स्लॅब ७५ मिमीने वर घ्या आणि कोणते आकडे आपोआप बदलले, कोणते तसेच राहिले, ते कागदावर उतरवून ठेवा.