मराठी भाषांतर आणि सबटायटल्सचं काम घरून: दीड वर्षाच्या अनुभवानंतर

घरी बसून ऑनलाइन कामावर महिन्याचा खर्च निघतो का, हा प्रश्न मला आता आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी विचारतंच. निघतो. पण पहिल्या सहा-आठ महिन्यांत नाही, आणि हातात आधीपासून काहीतरी येत असेल तरच. मी सांगलीत राहते. पूर्वी छापखान्यात मुद्रितशोधन करायचे. सासूबाईंच्या आजारपणात दिवसभर बाहेर राहणं जमेना, तेव्हा इंग्रजी-मराठी भाषांतर, सबटायटल्स आणि ध्वनिमुद्रण ऐकून मजकूर उतरवून देणं अशी कामं घरून घ्यायला लागले. दीड वर्ष झालं. आज घरखर्चाचा मोठा वाटा यातून निघतो.

सुरुवात बहुतेकांसारखीच अपवर्कवर, म्हणजे काम देणारे आणि सुटी कामं घेणारे जिथे भेटतात त्या संकेतस्थळावर. तिथे प्रोफाइल फुकट बनतं, पण कामासाठी अर्ज करायला ‘कनेक्ट्स’, म्हणजे विकत घ्यायची टोकनं, लागतात. एक कनेक्ट ०.१५ डॉलरला, आणि एकेका अर्जाला बरेच लागतात, म्हणजे काम मिळण्याआधीच खर्च सुरू होतो. त्यामुळे दिसेल तिथे अर्ज टाकत सुटू नका. ज्या जाहिरातीत मराठी स्पष्ट लिहिलेली आहे, ग्राहकाचं पेमेंट पडताळलेलं आहे आणि त्याने याआधी कुणाला तरी पैसे दिलेले दिसतात, तिथेच टाका. ‘डेटा एन्ट्री’च्या जाहिरातीवर जगभरातून अर्जांचा पाऊस पडतो; मराठीच्या जाहिराती कमी, पण स्पर्धाही तेवढीच कमी.

हातात किती पडतं, ते आकड्यांतच सांगते. ५० डॉलरचं काम धरा. अपवर्कची १० टक्के फी म्हणजे ५ डॉलर (मे २०२५ पासून नव्या करारांवर ही फी ० ते १५ टक्क्यांच्या दरम्यान बदलती असते आणि अर्ज करतानाच दिसते). तुमचा जीएसटी नंबर नसेल तर त्या फीवर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ०.९० डॉलर. पॅन दिलेला असेल तर टीडीएस ०.१ टक्का, अगदीच किरकोळ. बँकेत पैसे पाठवायचे ०.९९ डॉलर. उरले साधारण ४३, आणि डॉलरचा रुपया होताना आणखी थोडे जातात. कनेक्ट्सचा खर्च यात धरलेलाच नाही. ठरावीक रकमेच्या कामात एक गोष्ट मला फार मोलाची वाटते: पैसे आधी एस्क्रोमध्ये, म्हणजे अपवर्कने मधे धरून ठेवलेल्या खात्यात, जमा होतात, आणि काम सोपवल्यावर ग्राहक १४ दिवस गप्प राहिला तर ते आपोआप सुटतात. एस्क्रोत रक्कम जमा झालेली दिसल्याशिवाय मी फाइल उघडत नाही.

खरं उत्पन्न मात्र तिथून आलं नाही. ते आलं भाषांतर एजन्सींकडून. त्यांना ईमेलने बायोडेटा पाठवायचा, त्या दोन-तीनशे शब्दांची चाचणी घेतात, पसंत पडली तर यादीत नाव. पुढे काम आपणहून येतं. दोन-तीनशे शब्दांची फुकट चाचणी हा या धंद्यातला रिवाजच आहे. ‘चाचणी’ म्हणून दोन हजार शब्द आले तर ते फुकटात करून घेतलेलं काम समजा आणि नम्रपणे नाही म्हणा. मला देशी एजन्सींकडून शब्दामागे रुपया ते दीड रुपया मिळतो, परदेशी एजन्सी त्याच्या दुप्पट किंवा थोडं अधिक देते. नीट काम केलं तर दिवसाला दोन हजार शब्द होतात. मात्र काम रोज नसतं. गणपतीच्या दिवसांत तीन फाइली एकदम येतात आणि मग दहा-दहा दिवस काहीच नाही.

मला सगळ्यात जास्त काम आणि सगळ्यात जास्त समाधान मिळालं ते औषधांच्या चाचण्यांच्या संमतिपत्रांचं. एखाद्या नव्या औषधाची चाचणी महाराष्ट्रातल्या रुग्णालयात व्हायची असेल, तर सहभागी होणाऱ्या रुग्णाला त्याला समजेल अशा भाषेत माहितीपत्रक द्यावं लागतं. त्याचं मराठी भाषांतर होतं, मग मूळ इंग्रजी न पाहिलेला दुसरा भाषांतरकार ते परत इंग्रजीत करतो, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर ताडून पाहतात. मग ते आचार समितीपुढे जातं. इथे ‘सदर’, ‘उपरोक्त’ चालत नाही. आजारी माणूस, कदाचित चौथी शिकलेला, कागद हातात घेऊन बसलाय. रक्त किती काढणार, उलट्या होऊ शकतात का, मधेच नको वाटलं तर बाहेर पडता येईल का, हे त्याला स्वच्छ कळलं पाहिजे. मी प्रत्येक पत्रक सासूबाईंना वाचून दाखवते. त्या जिथे अडतात ते वाक्य बदलते. या कामाचा अभिमान वाटतो मला.

सबटायटल्स मजेचं काम, पण वेळखाऊ. एका वेळी पडद्यावर दोनच ओळी, ओळीत साधारण ४२ अक्षरं, आणि सात सेकंदांपेक्षा जास्त ठेवायचं नाही. बोलणाऱ्याने भराभर बोललेलं सगळं तिथे मावत नाही, म्हणून काय गाळायचं हे ठरवण्यातच कसब आहे. दर मिनिटावर ठरतो, आणि दहा मिनिटांच्या व्हिडिओला अर्धा दिवस सहज जातो. ऑडिओ उतरवण्याचं काम मी जवळजवळ थांबवलंय. यंत्र कच्चा मजकूर काढून देतं, त्यामुळे दर कोसळलेत.

यंत्राचा विषय निघालाच आहे तर: आता बऱ्याच एजन्सी आधी यंत्राकडून भाषांतर करून घेतात आणि आपल्याला ते ‘पोस्ट-एडिटिंग’साठी, म्हणजे तपासून दुरुस्त करायला, देतात, निम्म्या दराने. मजकूर सरळ असेल, म्हणजे मोबाइलची माहितीपुस्तिका वगैरे, तर परवडतं. वैद्यकीय किंवा कायद्याच्या मजकुरात परवडत नाही, कारण यंत्राचं वाक्य वाचायला गुळगुळीत असतं आणि आतला ‘नाही’ कुठेतरी गळालेला असतो. तो शोधायला मूळ प्रत शब्द न् शब्द वाचावी लागते. अशा कामाला मी पूर्ण दर मागते. दोन ठिकाणी नकार मिळाला, एका ठिकाणी मान्य झाला.

साधनांवर खर्च कमीच. मराठी टाइप करायचा इन्स्क्रिप्ट कीबोर्ड विंडोजमध्येच असतो; तो शिका, फोनवर बोलून टाइप करण्यावर विसंबू नका. जुन्या डीटीपी फाँटची सवय असेल तर ती सोडावी लागेल, सगळीकडे युनिकोडच लागतं. भाषांतरासाठी ओमेगाटी आणि सबटायटल्ससाठी सबटायटल एडिट, दोन्ही मोफत. मी पैसे घातले ते राउटरच्या छोट्या यूपीएसवर. वळवाच्या पावसात वीज गेली तरी फाइल वेळेत जाते. न्यूयॉर्कच्या ग्राहकाची सकाळी दहाची वेळ म्हणजे उन्हाळ्यात आपले संध्याकाळचे साडेसात, नेमकी स्वयंपाकाची वेळ. ती तारांबळ अजूनही होते.

पैसे वसूल करणं हा वेगळाच अभ्यास. एजन्सी ४५ ते ६० दिवसांनी पैसे देतात. एका देशी एजन्सीने माझं बिल महिनोन् महिने लटकवलं. तोवर मी उद्यम नोंदणी, म्हणजे छोट्या उद्योगांची सरकारी नोंदणी, करून घेतली होती. ती सरकारी संकेतस्थळावर पूर्ण मोफत होते, कुणा दलालाला पैसे देऊ नका. सूक्ष्म उद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी जास्तीत जास्त ४५ दिवसांत द्यावे लागतात, आणि १ एप्रिल २०२४ पासून आयकराच्या नियमामुळे ते वेळेत न देणाऱ्याला तो खर्च त्या वर्षी वजा करता येत नाही. उद्यम क्रमांक टाकून आणि थकलेल्या बिलांच्या तक्रारींसाठीच्या सरकारी समाधान पोर्टलवर तक्रार करीन असं लिहून बिल पुन्हा पाठवलं. आठवड्याभरात पैसे आले. आता प्रत्येक बिलावर तो क्रमांक असतो. एजन्सी टीडीएस कापतात, तो आयकराच्या संकेतस्थळावर तपासा आणि तुमच्या करापेक्षा जास्त कापला असेल तर विवरणपत्र भरून परत मागा. ते पैसे आपले आहेत.

आणि हे कळकळीने सांगते, कारण ओळखीतल्या एका ताईंची झोप उडालेली मी पाहिली आहे. फॉर्म भरण्याचं काम म्हणून आधी ‘करार’ करून घेतात, मग चुका काढतात, आणि वकिलाच्या नावाने नोटीस पाठवून हजारो रुपये मागतात. दुसरा प्रकार टेलिग्रामवरचा: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला रेटिंग द्या, पहिल्या दिवशी खरोखर दीडशे-दोनशे रुपये खात्यात येतात, आणि मग मोठ्या ‘टास्क’साठी तुमच्याकडूनच पैसे भरून घेतात. काम देणारा माणूस तुमच्याकडे नोंदणी, किट किंवा अनामत मागत असेल तर तिथेच थांबा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी हेल्पलाइनला फोन करा. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवली जाण्याची शक्यता जास्त असते. त्या ताईंना आम्ही पैसे भरू दिले नाहीत, सायबर पोर्टलवर तक्रार नोंदवली, आणि नोटिसा बंद झाल्या.

हे काम कुणी करावं? मराठी वाचन दांडगं आहे, इंग्रजी नीट कळतं, आणि सहा-आठ महिने तगण्यापुरती घरात दुसरी मिळकत आहे अशांनी जरूर. पुढच्या महिन्याचा हप्ता यातूनच भरायचा असेल तर आत्ता नोकरी सोडू नका, संध्याकाळचे दोन तास देऊन सुरुवात करा. पीएफ नाही, पगारी रजा नाही. मी पीपीएफ खातं उघडून चांगल्या महिन्यांत त्यात भर घालते. पुढच्या वर्षी सबटायटल्स कमी करून संमतिपत्रांची कामं वाढवायची आहेत, त्यासाठी वैद्यकीय परिभाषेची माझी स्वतःची सूची तयार करतेय. मधुमेह आणि कर्करोगाचा भाग झालाय, हृदयविकाराचा चालू आहे.