सोरेसू, माकाशी, जेम सो: बचावाची शैली आणि तिला साजेसं लाइटसेबर

बचाव शिकण्यासाठी लाइटसेबर, म्हणजे ‘स्टार वॉर्स’ चित्रपटांतल्या प्रकाशाच्या तलवारीची सरावाची प्रतिकृती, घेणार असाल, तर ‘हेवी ड्युटी’ म्हणून पुढे केलं जाणारं 3 मिमी जाडीचं पातं घेऊ नका, 2 मिमीचं घ्या. ऐकायला फरक क्षुल्लक वाटतो. पण 1 इंच व्यासाचं आणि 90 सेंमी लांबीचं पॉलिकार्बोनेट या प्लॅस्टिकचं पातं 2 मिमी जाडीत साधारण 160 ग्रॅम भरतं आणि 3 मिमीत 230. हे जास्तीचे 70 ग्रॅम मुठीत नसतात. ते टोकापर्यंत पसरलेले असतात आणि पात्याची दिशा बदलताना सगळे मनगटावर येतात. ‘स्टार वॉर्स’च्या विश्वात पात्याला वजनच नाही, सगळा भार मुठीत. तिथल्या तलवारबाजीच्या सातही शैली हे धरूनच कल्पिलेल्या आहेत. त्यामुळे प्लॅस्टिकचं पातं हाती आलं की कोणती शैली किती तग धरते, हे बरंचसं या वजनावर ठरतं.

निव्वळ बचावात सोरेसूला तोड नाही. ही तिसरी शैली. ब्लास्टर बंदुकांचा मारा वाढला, तेव्हा जेडाय योद्ध्यांनी ती घडवली. पातं अंगाजवळ ठेवायचं, वर्तुळं लहान ठेवायची, समोरच्याला दमू द्यायचं आणि तो चुकेपर्यंत घाई करायची नाही. जेडाय ओबी-वान उटापाऊ ग्रहावर शत्रूचा सेनापती ग्रीव्हसच्या चार पात्यांसमोर उभा राहतो ते याच शैलीच्या जोरावर. त्याचा तो पवित्रा सगळ्यांच्या ओळखीचा आहे: सेबरचा हात मागे खांद्यावर उचललेला, टोक समोर, डावा हात पुढे आणि त्याची दोन बोटं रोखलेली. दिसायला देखणा आहे, पण सरावात त्यात अडकून पडू नका. तो लढाईआधीचा पवित्रा आहे. पहिला वार येताच मूठ बेंबीसमोर वीतभर अंतरावर आली पाहिजे, कारण तिथून डोकं, दोन्ही खांदे आणि दोन्ही कुशी सगळंच आवाक्यात राहतं.

वार पात्याच्या मुठीकडच्या एक तृतीयांश भागावर घ्या. टोकाकडे घेतलात तर समोरच्याचा जोर तुमचं पातं बाजूला सारतो. पातं आडवं धरून अडवू नका, टोक वर ठेवून तिरकं धरा. पडद्यावर दोन पाती एकमेकांना भिडून अडकतात, पॉलिकार्बोनेट मात्र घसरतं. लाइटसेबरला आडवी चौकट नसते, त्यामुळे घसरलेलं पातं थेट बोटांवर येतं. तिरकं धरलं की ते बाहेरच्या बाजूला निसटतं. बोटांच्या पाठीवर जाड पॅड असलेले हातमोजे आणि तलवारबाजीचा जाळीचा मुखवटा यांशिवाय सराव करूच नये.

नवशिक्यांची सोरेसू बिघडते ती बहुतेक एकाच कारणाने: वर्तुळ मोठं होतं. पातं खांद्याच्या रेषेबाहेर गेलं की परत यायला वेळ लागतो, आणि तेवढ्यात दुसरा वार पोचलेला असतो. यावर उपाय म्हणजे दाराच्या चौकटीत उभं राहून पातं न लावलेली मूठ घेऊन सराव करणं. हात चौकटीला लागला की समजावं, बचाव फार रुंद झाला. मग जोडीदाराला निम्म्या वेगाने दहा वार करायला सांगा आणि एकदाही प्रतिवार करू नका. मूठ आवळून धरली तर पाच मिनिटांत मनगट भरून येतं. करंगळी आणि अनामिका घट्ट, अंगठा आणि तर्जनी सैल, ही पकड लागते. मर्दानी खेळातला दांडपट्टा फिरवणाऱ्यांना हे सुरुवातीला अवघड जातं, कारण पट्ट्याच्या लोखंडी मुठीत मनगट कोंडलेलं असतं आणि वार खांद्यातून येतो. इथे उलट, खांदा शांत ठेवून मनगट चालवायचं असतं.

माकाशी ही दुसरी शैली, खलनायक काउंट डूकूची. तिचा बचाव अडवण्यात कमी आणि अंतर राखण्यात जास्त आहे. एक हात, एका रेषेत पावलं, वार जेमतेम वळवायचा आणि त्याच क्षणी टोक खुपसायचं. समोर एकच माणूस असेल तर फार सुंदर. जोरदार वारांपुढे मात्र ती कोलमडते. 2005 च्या तिसऱ्या भागात तरुण जेडाय अनाकिन डूकूला हरवतो ते असेच घाव घालून. माकाशीसाठी वाकडी मूठ विकतात. हाताला ती छान बसते, पण पातं खोबणीत किंचित जरी फिरलं तरी टोकाचा अंदाज चुकतो, आणि वळणामुळे आत बॅटरीला जागा कमी उरते. गोल टोकाचंच पातं घ्या, सपाट टोक खुपसायला धोक्याचं आहे.

जेम सो हा पाचव्या शैलीचा एक भाग. दुसरा भाग शिएन, ब्लास्टरचा मारा नेमबाजावरच परतवणारा. नुसतं अडवून काय होणार, या सोरेसूवरच्या नाराजीतून ही शैली आली. इथे बचाव आणि प्रतिवार एकाच हालचालीत होतात: वार वरून घ्या, त्याचाच जोर वापरून पातं फिरवा, खाली आणा. फक्त या शैलीला 3 मिमीचं पातं आणि 28 ते 30 सेंमीची लांब मूठ शोभते, कारण दोन्ही हातांत अंतर लागतं. अंगात ताकद हवी. पाय मात्र जड होतात. मुस्ताफार ग्रहावर याच शैलीने लढणारा अनाकिन ओबी-वानला रेटत नेतो खरा, पण शेवटी उंचावर उभ्या असलेल्या, वाट पाहणाऱ्या माणसावर झेप घेतो आणि तिथेच हरतो. सोरेसूचा याहून स्वच्छ नमुना नाही.

फ्रेंच तलवारबाजी महासंघाने 2019 मध्ये लाइटसेबरला स्पर्धात्मक खेळ म्हणून मान्यता दिली. त्या नियमांत वार करण्याआधी टोक मागे न्यावं लागतं. डोक्यावरच्या किंवा धडावरच्या वाराला 5 गुण, हातापायावरच्या वाराला 3 आणि पंजावरच्या वाराला 1. हे सोरेसूच्या पथ्यावर पडतं: वार आधीच दिसतो, आणि धड वाचवताना पंजा सापडला तरी नुकसान फक्त एका गुणाचं. माकाशीचे आखूड, झटपट वार मात्र इथे चालत नाहीत.

खरेदी करताना पात्यात एलईडीची पट्टी असलेलं ‘पिक्सेल’ सेबर टाळा. पातं उलगडताना दिसतं मोहक, पण दणक्यांनी पट्टीचे सांधे सुटतात आणि अर्धं पातं काळं पडतं. दिवा मुठीतच असलेलं सेबर स्वस्तही पडतं, टिकतंही. पातं धरणारे स्क्रू दोन असावेत, कारण एकाच स्क्रूवर पातं खुळखुळतं. ते सैल होऊ लागले तर आट्यांवर नळाची टेफ्लॉन टेप एक वेढा गुंडाळा. स्क्रू जखडणारा गोंद, म्हणजे थ्रेडलॉक, लावू नका, त्याने पॉलिकार्बोनेटला तडे जातात. अ‍ॅसिटोन आणि थिनरचंही तसंच, पातं साबणाच्या पाण्यानेच पुसा. दर सरावानंतर ते काढून स्क्रूच्या खुणेभोवती उजेडात पाहा. चीर तिथूनच सुरू होते, आणि केसाएवढी रेघ दिसली तरी ते पातं सरावातून बाद करा.