अ‍ॅल्युमिनियम हेडवाली डिझेल पिकअप: देवगड-कोल्हापूर, एक आंब्याचा सीझन आणि एक पावसाळा वापरल्यावर

आमच्याकडे अजून बरेच जण म्हणतात की डिझेलला हेड (इंजिनाच्या सिलिंडरांवर बसणारा वरचा भाग) पाहिजे तर बिडाचंच, म्हणजे ओतीव लोखंडाचंच, अ‍ॅल्युमिनियमचं म्हणजे पातेलं, एकदा तापलं की वाकलं. मी या सीझनला नवीन अ‍ॅल्युमिनियम हेड टाकून पिकअप चालवली, जाताना आंब्याच्या पेट्या, येताना कांदा-बटाटा नायतर पशुखाद्य, म्हणजे दोन्ही बाजूला भरलेली गाडी आणि मध्ये फोंडा घाट. पावसाळाभर पण चालूच होती. माझं मत सरळ आहे, कोकणात हे हेड तापून मरत नाही, पाण्याने मरतं.

गाडी सेकंडहँड. घेतानाच पाणी खात होती, म्हणजे रेडिएटरचं पाणी सारखं कमी व्हायचं, त्यामुळे हेडचं काम धरूनच भाव ठरवला होता. हेड उतरवलं तेव्हा मी मिस्त्रींच्या बाजूलाच उभा होतो. फेसवर, म्हणजे हेडच्या खालच्या सपाट बाजूवर, पट्टी ठेवून फीलर गेज (फट मोजायच्या पातळ पात्या) घालून बघितलं तर वाक फारसा नव्हता. पण पाण्याच्या भोकांच्या कडा अशा खाल्लेल्या की गॅस्केटची (हेड आणि ब्लॉकच्या मधल्या पातळ पॅकिंगची) रिंग बसते तिथपर्यंत खड्डे गेलेले, मग गॅस्केट कितीही भारी घाला, दाबणार कशावर? मिस्त्री म्हणाले, "हेडाचो दोष नाय, पाण्यान खाल्ल्यान. खाडीकाठच्या बावीचा पाणी घालीत होते."

हे नीट समजून घ्या, कारण किनारपट्टीवर सगळ्यांचा प्रश्न हाच आहे. अ‍ॅल्युमिनियमवर आपोआप ऑक्साइडचा एक पातळ थर धरतो आणि तोच त्याला वाचवतो, पण पाण्यात मीठ असलं की तो थर जागोजागी फुटतो आणि तिथे टोचल्यासारखे खड्डे पडायला लागतात. त्यात खाली ब्लॉक, म्हणजे इंजिनाचा मुख्य सांगाडा, बिडाचा, वर हेड अ‍ॅल्युमिनियमचं, दोन वेगळे धातू एकाच खारट पाण्यात आले की झिजतं ते अ‍ॅल्युमिनियमच, लोखंडाला आधी काही होत नाही. आपल्याकडे खाडीजवळच्या विहिरी मार्च-एप्रिलला मचूळ होतात आणि आंब्याची धावपळ पण तेव्हाच, रेडिएटर कमी दिसला की ड्रायव्हर जे हाताला येईल ते ओततो. जुन्या बिडाच्या हेडने ते वर्षानुवर्षं सोसलं, म्हणून ती सवय पडली.

मी नवीन हेडबरोबर सगळी सिस्टिम फ्लश करून कूलंट आणि डिस्टिल्ड वॉटर अर्धं-अर्धं भरलं. साधं पाणी 100 अंशाला उकळतं, हे मिश्रण 107 च्या आसपास, आणि रेडिएटरचं झाकण नीट प्रेशर धरत असेल तर अजून बरंच वर. घाटात जो फरक पडतो तो इथेच पडतो. झाकणाचा रबर कडक झाला असेल तर ते बदलाच, एवढीशी वस्तू आहे पण तिच्यावर अख्खं हेड अवलंबून आहे. आणि एक गोष्ट कोणी बघत नाही, इंजिनाची अर्थची पट्टी, म्हणजे इंजिन बॅटरीच्या निगेटिव्हला जोडणारी. खाऱ्या हवेने ती गंजते, मग करंट कूलंटमधून वाट काढतो आणि हेड अजून जोरात खाल्लं जातं. मल्टिमीटरची एक वायर कूलंटमध्ये, दुसरी बॅटरीच्या निगेटिव्हला लावा, आकडा शून्याच्या जवळ पाहिजे. माझी पट्टी नवीन टाकली.

आता चालवतानाचा अनुभव. दाजीपूरच्या चढाला भर उन्हात भरलेली गाडी दुसऱ्या-तिसऱ्या गिअरवर असते, तापमानाचा काटा मधल्या खुणेच्या थोडा वर जातो आणि वर सपाटीला लागलो की पटकन खाली येतो. बिडाच्या हेडची आमची जुनी गाडी थंड व्हायला जास्त वेळ घ्यायची. अ‍ॅल्युमिनियम उष्णता बिडापेक्षा दोन-तीन पट सहज सोडतं आणि वजनाला निम्म्याहून कमी, एकट्या माणसाला उचलून ठेवता येतं. पण तेच अ‍ॅल्युमिनियम तापल्यावर बिडाच्या जवळपास दुप्पट फुगतं, म्हणून मधल्या गॅस्केटला प्रत्येक चढ-उताराला घासटणं येतंच. हेडबोल्ट नवीन घ्या, जुने ताणलेले परत घालू देऊ नका, आणि टॉर्क पाना (बोल्ट किती जोराने आवळला ते मोजणारा) वापरणाऱ्याकडेच काम द्या, अंदाजाने आवळणाऱ्याकडे नको.

मोठ्या ट्रकचं म्हणाल तर कमिन्सच्या बी सिरीजला हेड बिडाचंच, आणि दिवसरात्र ओझं ओढायला ते मलाही पटतं. पण अमेरिकेत ड्युरामॅक्सचं 6.6 लिटरचं डिझेल 2001 पासून अ‍ॅल्युमिनियम हेड घेऊनच ट्रेलर ओढतंय, फोर्डचं 6.7 पण तसंच. तेव्हा डिझेलला हा धातू चालत नाही हे म्हणणं चुकीचं आहे.

त्रास आहेतच. ग्लो प्लग (थंड इंजिन सुरू करायला तापणारा प्लग) बसतो तिथले आटे मऊ, जोर लावून खोललं की आटे सोबत येतात. आणि एकदा खरोखर पाण्याशिवाय चाललं तर धातू मऊ पडतो, मग फेस मारून, म्हणजे मशीनवर घासून, दिसायला सरळ होतं पण बोल्टची पकड राहत नाही. अशा हेडवर मी पैसे घालणार नाही. फेसिंगला पण मर्यादा असते, जास्त काढलं तर व्हॉल्व पिस्टनच्या जवळ येतात. इथे जवळपास चांगलं काम होत नाही, मी कोल्हापूरला उद्यमनगरात नेतो.

ड्रायव्हर ठेवलेला असेल तर त्याला एक मात्र पक्कं सांगून ठेवा. पाणी पूर्ण गेलं की सेन्सर कोरडा पडतो आणि काटा वर जायच्या ऐवजी खाली येऊ शकतो. घाटात चढत असताना काटा अचानक पडला तर गाडी बाजूला घेऊन बंद करायची, गार झाल्याशिवाय झाकण खोलायचं नाही, आणि गरम हेडवर झऱ्याचं थंडगार पाणी तर अजिबात ओतायचं नाही, तडा तिथेच जातो. मी सीटमागे मिक्स केलेल्या कूलंटचा कॅन कायम ठेवतो, पाच लिटरचा.