रोटोरुआचा चिखल: फुकट कुठे बघायचा, पैसे कुठे मोजायचे

न्यूझीलंडमध्ये ऑकलंडहून रोटोरुआ सुमारे 230 किलोमीटर, गाडीने तीनेक तास. गाव जवळ आलं की सडक्या अंड्यांचा वास सुरू होतो आणि मागच्या सीटवरून "कसला वास येतोय गं?" असा प्रश्न येतोच. हायड्रोजन सल्फाइडचा वास तो. तासाभरात नाक सरावतं, खिसा मात्र सरावत नाही. इथे जमिनीतून वाफ निघाली की शेजारी तिकीटखिडकी आलीच. भारतातून आई-बाबा आलेत, मुलांना सुट्टी आहे, म्हणून चौघा-पाचजणांनी तीन-चार ठिकाणं सरसकट केली, तर मुक्कामापेक्षा तिकिटांचाच आकडा फुगतो.

माझं मत आधीच सांगून टाकते. चिखल बघायला पैसे देऊ नका. चिखलात बसायला द्यावे लागतात, तेवढेच द्या.

बघायचा चिखल

फुकट बघायला दोन जागा चांगल्या. एक गावातलं कुइराऊ पार्क, दुसरं वायओटापूचं मोठं चिखलतळं.

कुइराऊ पार्क ही साधी सार्वजनिक बाग आहे. हिरवळीत मध्येच कुंपण घातलेलं, त्याच्याआड खदखदणारी डबकी. शिवाय वाफाळलेलं एक तळं आणि त्यावरून जाणारी लाकडी पायवाट. वारा फिरला की वाफेत पुढचं माणूस दिसेनासं होतं. पण या बागेत मला सगळ्यात आवडतात ती पाय बुडवायची कुंडं. काठावर बसायचं, सलवार किंवा पँट गुडघ्यापर्यंत दुमडायची आणि पाय आत सोडायचे. कपडे बदलायचे नाहीत, पोहता यायला नको, पैसे नाहीत. गुडघे दुखणाऱ्या मंडळींना तिथून उठवणं अवघड जातं. मुलांचा हात मात्र सोडू नका. 2001 च्या जानेवारीत याच बागेत अचानक स्फोट होऊन चिखल आणि दगड उडाले होते. ती कुंपणं शोभेची नाहीत.

वायओटापूचं तळं गावापासून तीसेक किलोमीटर दक्षिणेला, टाउपो गावाच्या रस्त्यावरून आत वळल्यावर लागतं. वायओटापूचा तिकीट असलेला परिसर वेगळा आणि हे तळं वेगळं, हे माहीत नसल्याने बरेच जण तिकीट काढूनच परततात आणि हे राहून जातं. हा न्यूझीलंडमधला सर्वात मोठा चिखलकुंड समजला जातो. पूर्वी इथे चिखलाचा उंच सुळका होता, तो झिजून गेला. आता उरलंय ते राखाडी, दाट तळं, चुलीवर पिठलं रटरटावं तसं. एखादा बुडबुडा फुगत जातो, फट्‌ करून फुटतो, गोळा वर उडतो आणि पडला की गोल वळी उमटतात. पुढचा कुठे फुटणार याचा अंदाज बांधत पोरं कितीही वेळ उभी राहतात. खालून येणाऱ्या वाफेसोबतच्या वायूपासून आम्ल बनतं, ते खडक खाऊन त्याची माती करतं, आणि पाणी जेमतेम असल्यामुळे ती वाहून न जाता तिथेच शिजत राहते. म्हणूनच पाऊस झाल्यावर चिखल पातळ दिसतो, कोरड्या दिवसांत घट्ट होऊन गोळे उडतात.

दोन्हींत निवड सोपी आहे. गाडी असेल तर वायओटापू. बसने आला असाल तर कुइराऊ, कारण ते गावातून चालत होतं आणि वायओटापूपर्यंत गावातली सिटी बस जात नाही.

भिजायचं कुठे

फुकट भिजायला सगळे केरोसीन क्रीक सांगतात. रानातून वाहणारा कोमट ओढा, छोटासा धबधबा, डोक्यावर झाडं. जागा खरंच सुंदर. पण शेवटचा रस्ता कच्चा आहे, कपडे बदलायला आडोसा नाही, आणि तिथे उभ्या केलेल्या गाड्या फोडून सामान चोरीला जाण्याचे प्रकार झालेले आहेत. पासपोर्ट, लॅपटॉप गाडीत ठेवून जायची ही जागा नाही. तरुण मंडळी असतील तर जा. सासू-सासऱ्यांना नेऊन दगडांवरून उतरवू नका.

त्यापेक्षा तासभर पुढे टाउपोला गेलात, तर स्पा पार्कमध्ये ओटुमुहेकेचा गरम ओढा थेट वायकाटो नदीला मिळतो. तोही फुकट. जिथे दोन पाणी एकत्र येतात तिथे बसलं की एक खांदा गरम, दुसरा गार. वर्दळ असते, एकांत मिळत नाही. पण वाट सोपी आहे आणि तिथूनच नदीकाठाने हुका धबधब्यापर्यंत चालत जाता येतं. माझा कौल ओटुमुहेकेला.

एक गोष्ट दोन्हीकडे सारखी: डोकं पाण्याखाली घालायचं नाही, नाकात पाणी जाऊ द्यायचं नाही. गरम नैसर्गिक पाण्यातल्या अमीबामुळे मेंदूचा आजार होऊ शकतो. तो विरळा आहे, पण झाला तर जिवावर बेततो. मुलांना आधीच बजावा.

थोडे पैसे टाकायची तयारी असेल तर वायकिटे व्हॅलीचे पूल बघा. शेजारच्या उकळत्या झऱ्याचं पाणी निववून त्यात सोडतात. गावातल्या तलावकाठच्या नामांकित स्पापेक्षा थाट कमी, तसा दरही. आणि मुक्कामच करायचा असेल तर फेंटन स्ट्रीटवरच्या मोटेलांत आधी विचारा. काहींच्या खोलीलाच गरम पाण्याचा छोटा पूल असतो. वर स्वयंपाकाचा ओटाही मिळतो, म्हणजे खिचडी घरचीच.

तिकीट काढायचंच असेल तर

अंगाला चिखल फासायचा असेल तर हेल्स गेट. गावापासून पंधरा-सोळा किलोमीटर, मालकी माओरी लोकांची, म्हणजे इथल्या मूळ रहिवाशांची, आत चाळीसेक अंशाचा गरम धबधबा. नुसतं फिरण्याचं तिकीट वेगळं आणि चिखलस्नानाचं वेगळं, दुसरं बरंच महाग. आत दाट लगदा असेल अशी कल्पना करून जाऊ नका. वर गढूळ पाणी, तळाला मऊ गाळ, तो हाताने काढून फासायचा. साधारण वीस मिनिटं, मग गार शॉवर, मग गंधकाच्या पाण्यात बसणं. रक्तदाबाची गोळी चालू असलेल्यांनी डॉक्टरांना विचारूनच बसावं. चांदीचं काही अंगावर ठेवू नका. जोडवी, पैंजण काळी पडतात.

जमिनीतून उसळणारा गरम पाण्याचा फवारा बघायचा असेल तर लोक 'ते पुइया' नावाच्या तिकिटाच्या परिसराकडे वळतात. तिथला पोहुतू फवारा दिवसात वीसेक वेळा उडतो, तीस मीटरपर्यंत. 1980 च्या दशकात गावातल्या घरोघरच्या बोअरनी जमिनीखालची उष्णता उपसली आणि फवारे मंदावले. सरकारने जवळच्या बोअर बंद केल्यावर ते सावरले. तोच पोहुतू शेजारच्या फाकारेवारेवा गावातूनही दिसतो, जरा लांबून पण कमी पैशांत. इथे लोक खरोखर राहतात, वाफेवर अन्न शिजवतात, उकळत्या कुंडात शिजवलेलं मक्याचं कणीस विकत मिळतं. कीवी पक्षी आणि कोरीवकामाची शाळा बघायची असेल तर 'ते पुइया'. नाहीतर फाकारेवारेवाच घ्या.

वायओटापूचं तिकीट मी रंगांसाठी काढेन. तिथल्या शॅम्पेन पूल या गरम तळ्याची नारिंगी कड फोटोत दिसते त्याहून भडक आहे. लेडी नॉक्स फवारा रोज सव्वादहाला साबण टाकून उडवतात, त्यासाठी धावपळ करू नका.

नुसतं गरम पाण्यात बसणं एवढंच मनात असेल तर त्यासाठी इतक्या लांब येऊ नका, वज्रेश्वरी-गणेशपुरी आहे, कोकणात राजवाडी-उन्हवरे आहेत. तिथे खाली जागृत ज्वालामुखी नाही. दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा, कधीच निवलेला. पाणी भेगांतून खोल जाऊन तापून वर येतं. त्यामुळे कुंडं मिळतील, रटरटणारा चिखल नाही.

एका दिवसाचंच बजेट असेल तर सकाळी कुइराऊ, दुपारी डबा खाऊन वायओटापूचं तळं, मग ओटुमुहेके. खर्च फक्त पेट्रोलचा. दुसरा दिवस मिळाला तर हेल्स गेट किंवा फाकारेवारेवा, दोन्हींपैकी एकच. पोहण्याचे कपडे जुने घ्या. गंधकाचा वास दोन-तीन धुण्यांत जात नाही.