वायरलेस थर्मोस्टॅट: चांगलाय, पण पेअरिंगने रडवलं

इंग्लंडात लेस्टरला ऐन जानेवारीत, घर किती तापवायचं ते ठरवणारा जुना गोल खटकेवाला थर्मोस्टॅट मेला म्हणून हा वायरलेस घेतला. थर्मोस्टॅटचा सिग्नल घेणारा रिसीव्हर बॉयलरजवळ (घर तापवायला पाणी गरम करतो तो) बसतो, त्याचं वायरिंग इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या, २३० व्होल्टशी खेळ नको. भिंतीवरचा डबा दोन पेन्सिल सेलवर चालतो. पेअरिंगला, म्हणजे डबा आणि रिसीव्हर एकमेकांशी जोडायला, मात्र घाम फुटला, रिसीव्हरचं बटण दिवा लुकलुकेपर्यंत दाबून धरायचं आणि मी आपला दर वेळी आधीच सोडतोय, बायको मागे उभी राहून हसतेय. आता सकाळी ६ ला २० अंश, आम्ही कामावर गेलो की १६. आधी डबा रेडिएटरच्या (खोली तापवणाऱ्या गरम पाण्याच्या पॅनेलच्या) वर ठेवलेला, तर त्याला वाटायचं घर तापलं, बॉयलर बंद आणि आम्ही स्वेटरमध्ये! आतल्या भिंतीवर लावल्यावर शहाणा झाला. स्क्रीनला लाईट नाही, रात्री मोबाईलचा टॉर्च मारावा लागतो.