बेलफास्टची काळी टॅक्सी टूर: एक स्टार कापलाय, पण जाच

आयर्लंडला गेलेलो तेव्हा आईबाबांना घेऊन ही टूर केली, दीडेक तासाची, ड्रायव्हर काकाच गाइड. आधी फॉल्स रोडला, म्हणजे आयर्लंडमध्ये सामील व्हायचंय त्या कॅथलिकांच्या वस्तीत, बॉबी सँड्सचं म्युरल (ब्रिटिशांविरुद्ध लढणाऱ्या IRA या सशस्त्र संघटनेचा, १९८१ ला तुरुंगात ६६ दिवस उपोषण करून गेला तो), मग पलीकडे शँकिल रोड, ब्रिटनसोबतच राहायचंय त्या प्रोटेस्टंटांची वस्ती, तिथे सगळीकडे ब्रिटिश झेंडे, आणि मधे दोघांना वेगळं ठेवणारी ती पीस वॉल. मला वाटलेलं सोसायटीच्या कंपाउंडसारखी असेल, अहो मान वर करून बघावं लागतं! आणि तिची काही गेटं अजून रात्री बंद करतात, १९९८ ला दोन्ही बाजूंत शांततेचा गुड फ्रायडे करार होऊनसुद्धा. भिंतीवर लिहायला मार्कर देतात, आईने देवनागरीत नाव टाकलं.

बेस्ट भाग म्हणजे इथलं, उत्तर आयर्लंडचं, सरकार कसं चालतं ते. फर्स्ट मिनिस्टर आणि डेप्युटी फर्स्ट मिनिस्टर, एक या बाजूचा, एक त्या बाजूचा, नावात डेप्युटी पण पॉवर सेम टू सेम, एक गेला की दुसऱ्याचीही खुर्ची जाते, म्हणून तर २०१७ ते २०२० सरकारच नव्हतं. (आपल्या उपमुख्यमंत्र्यांना कोणीतरी सांगा हे.) दोन्हीकडचे नसलेले आमदार 'अदर' म्हणून नोंदतात आणि महत्त्वाच्या ठरावांना त्यांच्या मताला तेवढं वजन नाही, हे मात्र खटकलं.

स्टार कापला कारण उलट्या सीटवर बसून मळमळलं आणि काकांचा ॲक्सेंट बाबांना अर्धा कळलाच नाही. ते स्वतः कुठल्या बाजूचे विचारलं तर नुसते हसले. जॅकेट न्या, पाऊस येतोच.