जूनपासून वर्गात एआय वापरतेय, सायन्सच्या बाईंचा अनुभव

शाळा जूनमध्ये सुरू झाली तेव्हापासून एआयची टूल्स जवळजवळ रोज वापरतेय, म्हणून आता लिहायला हरकत नाही असं वाटलं. मी पुण्यात एका अनुदानित शाळेत आठवी ते दहावीला सायन्स शिकवते, एक तुकडी मराठी माध्यमाची आणि एक सेमी. कुठलं टूल चांगलं कुठलं भंगार अशी नावं घेऊन भांडण लावणार नाहीये, कारण दिवाळीआधी जे गंडत होतं ते नंतर बरंच सुधारलं आणि जे छान चालत होतं ते एका अपडेटनंतर वेड्यासारखं वागायला लागलं. वापरलं ते सगळं फुकटातलं.

सगळ्यात जास्त फायदा झाला तो प्रश्नपत्रिकेत. दोन तुकड्या म्हणजे तोच पेपर दोन भाषांत काढायचा, आधी यात माझा अख्खा रविवार जायचा. आता मराठीत पेपर काढते, इंग्रजी त्याच्याकडून करून घेते, नजर फिरवते आणि मोकळी. पण पहिल्याच पेपरला लक्षात आलं की याला आपलं बोर्ड माहीत नसतं, म्हणजे नाव माहीत असतं पण वळण सीबीएसईचं. नुसतं 'दहावी सायन्सचा पेपर काढ' म्हटलं की विधान आणि कारण छापाचे प्रश्न आणि केस स्टडी हजर. म्हणून मी आपला पॅटर्न एकदाच लिहून ठेवलाय आणि दर वेळी तो चिकटवते: पार्ट वन, ४० मार्क, दोन तास, प्रश्न १ मध्ये पाच एका मार्काचे पर्यायी आणि पाच छोटे, मग शास्त्रीय कारणे लिहा कोणतेही दोन, दोन मार्कांचे कोणतेही तीन, तीन मार्कांचे कोणतेही पाच, शेवटी पाच मार्कांचा एक. एवढं दिलं की काम नीट करतं, नाही दिलं तर तुमचं नशीब.

दुसरी भानगड शब्दांची. त्याच्या मराठीत मधूनच हिंदी शिरते, 'उत्तल लेन्स', 'प्रतिरोध' असलं काहीतरी, आपल्या बालभारतीच्या पुस्तकात बहिर्वक्र भिंग आणि रोध आहे. यावर उपाय सोपाय, पुस्तकाची पीडीएफ ई-बालभारतीवर फुकट मिळते, त्या धड्यातले शब्द आधी टाकायचे आणि सांगायचं हेच वापर. ऐकतं, निदान दहा-बारा मेसेजपर्यंत तरी.

जुन्या पेपरांचं मात्र काहीच झालं नाही. माझ्याकडे वर्षानुवर्षांच्या प्रश्नपत्रिका आहेत, सगळ्या श्री-लिपी या जुन्या फॉन्टमध्ये टाइप केलेल्या, त्या फाइलमधला मजकूर कॉपी करून टाकला की युनिकोड (म्हणजे सगळीकडे सारखी दिसणारी अक्षरं) नसल्यामुळे सगळा कचरा दिसतो आणि टूल त्या कचऱ्यातूनही आत्मविश्वासाने काहीतरी प्रश्न 'ओळखून' दाखवतं. प्रिंटचा फोटो काढून दिला तर जमतं पण एवढे फोटो काढायला कोणाला वेळ आहे, त्यात निवडणुकीची कामं आणि सर्वे मागे लागलेलेच असतात. असो.

फुकटच्या प्लॅनमध्ये मराठी लिहिलं की लिमिट लवकर संपते असं स्टाफरूममध्ये सगळे म्हणतात, त्यात तथ्य आहे. ही मॉडेल्स मजकुराचे तुकडे करून वाचतात, त्याला टोकन म्हणतात, आणि देवनागरीचे तुकडे इंग्रजीपेक्षा जास्त पडतात. पूर्वी तर फारच पडायचे. मे २०२४ मध्ये चॅटजीपीटीचं जीपीटी-४ओ हे नवं मॉडेल आलं तेव्हा ते बनवणाऱ्या ओपनएआय कंपनीने स्वतःच एक मराठी नमुना दिला होता, ज्याचे आधी ९६ टोकन व्हायचे आणि नव्यात ३३. म्हणजे परिस्थिती सुधारलीय, पण लांबलचक धडा चिकटवला की अजूनही जाणवतं.

चित्रांबद्दल बोलायचं तर किरणाकृतीसाठी अजिबात भरवसा ठेवू नका. साधं उदाहरण दिलं होतं, बहिर्वक्र भिंग, नाभीय अंतर १० सेंमी, वस्तू २० सेंमीवर. गणित अगदी बरोबर सोडवलं, चिन्हसंकेत पाळून, प्रतिमा पलीकडे २० सेंमीवर, वस्तूएवढीच आणि उलटी. मग म्हटलं याची आकृती काढ. सुंदर रंगीत आकृती आली, त्यात प्रतिमा सरळ उभी, किरण भिंगाला पोचायच्या आधीच वाकलेले आणि नावांची अक्षरं अशी की कुठल्याच लिपीत बसणार नाहीत. फळ्यावर पट्टी घेऊन काढायला तीन मिनिटं लागतात, तेच बरं.

पेपर तपासायला वापरता येतं का असं बऱ्याच जणींनी विचारलं म्हणून सविस्तर लिहिते. उत्तराचा फोटो (नाव, हजेरी क्रमांक झाकून) दिला तर मुलांचं मराठी अक्षर बऱ्यापैकी वाचतं, मला वाटलं होतं त्यापेक्षा खूपच चांगलं. गोची अशी की वाचता वाचता ते चुका दुरुस्त करतं. पोराने 'अपवरतन' लिहिलेलं असतं, हे टाइप करताना 'अपवर्तन' करून मोकळं. स्पेलिंगपुरतं ठीक होतं, पण एकाने एकक लिहायचं सोडलं होतं तर यानं स्वतःच 'सेंमी' घालून दिलं आणि पूर्ण मार्क दिले! आणि हात फारच सैल, तीन मार्काच्या प्रश्नाला अडीचच्या खाली यायलाच तयार नाही, आमच्या मॉडरेटरने असे मार्क पाहिले तर मलाच बोलावून घेतील. त्यामुळे मार्कांसाठी नाही. पण दहा-बारा उत्तरं देऊन 'मुलं नेमकी कुठे अडतायत' विचारलं तर चांगलं सांगतं, संवेग आणि बल यात अर्धा वर्ग घोळ घालतोय हे मला त्याच्यामुळे चाचणीच्या आधी कळलं.

आता मुलांचं. आमच्याकडे बहुतेक घरात एकच चांगला फोन, तो बाबांबरोबर कामावर जातो आणि रात्री पोरांच्या हातात येतो. मग गृहपाठ काय, प्रश्नाचा फोटो, उत्तर, वहीत उतरवा, झोपा. पूर्वी अप्पा बळवंत चौकातून आणलेल्या गाईडमधून उतरवायची, त्यामुळे उतरवणं नवीन नाही, पण गाईडमधलं उत्तर निदान चाळीस जणांचं सारखं असायचं आणि चूक असली तरी मला ओळखीची असायची.

जास्त त्रास होतो तो त्याच्या हांजी हांजी करण्याचा. दहावीतला एक मुलगा, हुशार आहे, वर्गात उभा राहून म्हणाला, "बाई, ग्रह लुकलुकत नाहीत कारण त्यांना स्वतःचा प्रकाश नसतो, मी एआयला विचारलंय." म्हटलं नेमकं काय विचारलंस ते दाखव. यानं विचारलं होतं, 'ग्रहांना स्वतःचा प्रकाश नसतो म्हणून ते लुकलुकत नाहीत ना?' आणि त्यानं 'अगदी बरोबर!' म्हणून त्यावर तीन परिच्छेद लिहून दिले होते. तोच प्रश्न मी प्रोजेक्टरवर सरळ विचारला तर उत्तर चोख आलं, तारे फार लांब म्हणून बिंदूसारखे, वातावरणातल्या अपवर्तनाने त्यांची तेजस्विता कमीजास्त होते, ग्रह जवळ असल्याने अनेक बिंदूंचा समूह आणि सगळ्याची सरासरी सारखीच राहते. दोन्ही उत्तरं शेजारी शेजारी लावून ठेवली आणि गप्प बसले. मागच्या बाकावरची एक मुलगी, एरवी तोंड उघडत नाही, म्हणाली, "पण बाई, सूर्याला तर स्वतःचा प्रकाश आहे, मग तो का नाही लुकलुकत?" संपलं की! पहिलं उत्तर तिथेच आडवं. तेव्हापासून आठवड्यातून एक तास असाच घेते, एआयचं उत्तर प्रोजेक्टरवर आणि मुलांनी पुस्तक घेऊन त्याच्यावर तुटून पडायचं. या मम म्हणण्याबद्दल कंपन्यांनाही माहीत आहे, ओपनएआयने एप्रिल २०२५ मध्ये याच कारणासाठी एक अपडेट मागे घेतलं होतं.

जुलै २०२५ पासून चॅटजीपीटीत स्टडी मोड आलाय, थेट उत्तर न देता उलट प्रश्न विचारत नेतो. कल्पना चांगली. पण तो बंद करायला एक बोट पुरतं आणि रात्री साडेदहाला कुठलं पोर तो चालू ठेवेल, तुम्हीच सांगा.

आमच्या एका सरांनी निबंध एआयने लिहिलाय का ते ओळखणारी साइट शोधून काढली आणि एका मुलीला सगळ्यांसमोर झापलं. तिने तोच विषय समोर बसून परत लिहून दाखवला, पहिल्यापेक्षा चांगला. या साइट्सवर विसंबू नका हो, ओपनएआयने स्वतःचं असं ओळखणारं टूल अचूकता कमी म्हणून जुलै २०२३ मध्ये बंद केलं, आणि तेही इंग्रजीचं, मराठीचं तर विचारूच नका. मी वही टेबलावर घेऊन दोन प्रश्न तोंडी विचारते. मिनिटभरात कळतं.

अकाउंटचं एक लक्षात ठेवा, चॅटजीपीटीच्या नियमात १३ वर्षांखाली वापर नाही आणि १८ पर्यंत पालकांची परवानगी लागते, आपल्याकडच्या २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यातही १८ खालचं प्रत्येक जण मूलच. म्हणून वर्गात फक्त माझं अकाउंट, आणि मुलांची नावं, फोटो, आजारपण यातलं काहीही त्यात टाकत नाही. पालकसभेचं इतिवृत्त, सहलीची पत्रं, अहवाल वगैरे बिनधास्त लिहून घेते, ते कोणी वाचत नाही तसंही.

पैसे देऊन घ्यावं का? नोव्हेंबर २०२५ पासून चॅटजीपीटी गो हा त्यांचा पैसे देऊन घ्यायचा स्वस्तातला प्लॅन भारतात वर्षभर फुकट द्यायला सुरुवात झाली, एरवी तो तेव्हा महिना ३९९ रुपये होता. ज्यांना दोन माध्यमांचे पेपर काढायचे असतात त्यांनी वर्षानंतर विचार करायला हरकत नाही, नुसतं नोट्ससाठी असेल तर गरज नाही. मी स्वतःच्या खिशातून देणार नाही एवढं नक्की, आणि शाळेकडे मागायची सोय नाही, प्रयोगशाळेतल्या भिंगाच्या स्टँडचा स्क्रू गेल्या वर्षीपासून मागतेय.